विकलेल्या गाडीचं पत्र

प्रश्न (थोडक्यात):

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. त्यांच्या यजमानांनी 2013 साली घेतलेली छोटी पेट्रोल गाडी दोन वर्षांपूर्वी ऐरोलीच्या चुलत दिरांना विकली. व्यवहार घरातलाच, त्यामुळे फार घासाघीस झाली नाही. पण तीन महिन्यांत क्लच प्लेट गेली आणि तेव्हापासून प्रत्येक बारशा-मुंजीत भाऊजींचं एकच पालुपद, 'दादानं गाडी गळ्यात मारली.' गेल्या आठवड्यात कंपनीचा एसएमएस आला, पाठोपाठ कुरियरनं पत्र आलं, तेही ताईंच्याच पत्त्यावर. या गाडीच्या ड्रायव्हरशेजारच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर सदोष असू शकतो, तो मोफत बदलून घ्यावा, असं त्यात लिहिलं आहे. यजमान म्हणतात, 'गाडी आता आपल्या नावावर नाही. कंपनी बघेल आणि तो बघेल. नसतं लचांड मागे लावून घेऊ नकोस.' ताईंना भीती अशी, की सांगितलं तर 'बघा, मी म्हणत नव्हतो?' सुरू होणार, कदाचित पैसेही परत मागतील. न सांगावं तर झोप लागत नाही, कारण गणपतीला दीर, जाऊ आणि पुतणी त्याच गाडीनं चिपळूणला जाणार आहेत. शेवटी त्या लिहितात, 'क्लच थोडा जड होता हे खरं, पण तो पहिल्यापासून तसाच होता. आणि आमच्या नव्या गाडीलाही मध्यंतरी फ्युएल पंपासाठी असाच मेसेज आला होता. ती व्यवस्थित चालते, म्हणून आम्ही गेलो नाही. मग याच पत्राचं एवढं मनावर घ्यायचं का?'

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि नौपाड्यातली आमची जुनी चाळ आठवली. एकाच आडनावाची दोन बिऱ्हाडं होती. पोस्टमन घाईत असला की त्यांची पत्रं आमच्या दारात टाकून जायचा. आई तव्यावरची पोळी उतरवून आधी ते पत्र पोचतं करायची. नळावरून दोन्ही घरांत अबोला चाललेला असला तरीही. दाराच्या फटीतून आत सरकवायचं आणि एक शब्द न बोलता परत यायचं. आत बातमी कसली आहे, ती वाचून ते लोक आपल्याबद्दल काय म्हणतील, याचा तिनं कधी विचार केल्याचं मला आठवत नाही. पत्र त्यांचं होतं, एवढं तिला पुरायचं.

तुमच्या टेबलावर पडलेला कागद तसाच आहे. पाकिटावर नाव तुमच्या यजमानांचं असलं तरी ते लिहिलंय एका चेसिस नंबरला, आणि तो नंबर सध्या ऐरोलीत पार्क होतो.

मी बावीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसलो. रिकॉलचे, म्हणजे सदोष भाग बदलायला कंपनीनं परत बोलावलेल्या गाड्यांचे, फोन लावणं हे माझ्याच कामांतलं एक. त्यामुळे यजमानांच्या 'कंपनी बघेल' या वाक्यावर आधी बोलतो. कंपनीकडे कोणती यादी असते? कारखान्यातून अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत निघालेल्या गाड्यांचे चेसिस नंबर, आणि त्या प्रत्येकासमोर गाडी विकताना किंवा शेवटच्या अधिकृत सर्व्हिसिंगला नोंदवलेला मोबाइल. भाऊजी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेत असते तर नंबर केव्हाच बदलला असता. मेसेज तुम्हाला आला, याचा अर्थ ते ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जात असावेत. अकरा-बारा वर्षांची गाडी बहुतेक जण तिकडेच नेतात, त्यात गैर काही नाही. पण म्हणजे कंपनीनं तिच्या परीनं बघून झालंय, आणि तिला तुम्ही दिसलात. तुमच्यापाशी ही साखळी थांबली तर पुढे ती कुणी जोडणार नाही. मी असे कितीतरी फोन लावले आहेत जिथे पलीकडून उत्तर यायचं, 'ती गाडी? ती विकली हो आम्ही.' 'कुणाला?' 'आठवत नाही.' फोन बंद. त्या नंबरापुढे आम्ही 'संपर्क नाही' असा शेरा मारायचो, आणि गाडी कुठेतरी फिरत राहायची.

यजमानांचं दुसरं वाक्य, 'गाडी आपल्या नावावर नाही.' हे त्यांनी तपासलंय का? रिकॉलचा मेसेज कंपनीच्या नोंदींवरून येतो, आरटीओच्या नाही, तेव्हा त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण घरातल्या व्यवहारांत गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात, भाऊ म्हणतो 'मी करतो सावकाश', आणि कागद कपाटात राहतात, हे मी भरपूर पाहिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर 14 दिवसांत विकणाऱ्यानं आरटीओला कळवायचं असतं, आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत. ते झालं नसेल तर कायद्याच्या लेखी मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशाच एका प्रकरणात, गाडी पुढे कितीही हात बदलून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईला नोंदणीतलाच मालक जबाबदार धरला. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, पण भाऊ-भाऊ असले तरी पहिली नावं वेगळी आहेत ना, ओळखू येईल. नाव अजून यजमानांचंच निघालं तर 'आपला काय संबंध' हा मुद्दा तिथेच संपला, आणि भाऊजींना करायच्या फोनमध्ये आणखी एक विषय वाढला.

आता मुळाशी येऊ. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे. रिकॉल आला म्हणजे गाडी खराब होती, आणि गाडी खराब होती म्हणजे आपण खराब माल दिला. पहिली अर्धी गोष्ट अर्धवट खरी आहे, दुसरी अजिबात नाही. इन्फ्लेटरमध्ये दोष असलाच तर तो तुम्ही गाडीची चावी घेतलीत त्या दिवशीही होता. तुम्ही स्वतः इतकी वर्षं त्या सीटवर बसलात. तो दिसत नाही, वाजत नाही, डॅशबोर्डवर दिवा लावत नाही.

इन्फ्लेटर म्हणजे काय ते सांगतो, कारण 'एअरबॅगचा काहीतरी पार्ट' एवढ्यावर माणूस घाबरतही नाही आणि जागचा हलतही नाही. एअरबॅग पंपानं फुगत नाही. तेवढा वेळच नसतो, पापणी लवायच्या आत ती फुगावी लागते. म्हणून पिशवीमागे धातूची एक डबी असते आणि तिच्यात स्फोटक रसायनाच्या वड्या. धडक बसली की सेन्सर ठिणगी देतो, वड्या जळतात, वायू होतो, पिशवी भरते. सगळं गणित त्या वड्या किती वेगानं जळतात यावर बसवलेलं असतं. जपानच्या टाकाटा कंपनीनं या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं, आणि अनेक डब्यांमध्ये ओलावा शोषून घेणारा घटक घातला नाही. वर्षानुवर्षं दमट हवा आणि रोजचं तापणं-निवणं सोसून त्या वड्या भुसभुशीत झाल्या. भुसभुशीत वडी भसकन जळते. मग पिशवी फुगण्याऐवजी डबीच फुटते, आणि जीव वाचवायला ठेवलेल्या वस्तूतून धातूचे तुकडे समोरच्या माणसाच्या गळ्या-तोंडावर येतात. तेही कधी कधी एरवी बंपर बदलून भागलं असतं अशा किरकोळ धडकेत. जगभरात 10 कोटींच्या आसपास इन्फ्लेटर परत बोलावले गेले, बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांमधले. भारतात एकट्या होंडानं 2015 पासून पुढे अनेक टप्प्यांत गाड्या बोलावल्या. टाकाटानं 2017 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

तुमच्या पत्रात नेमकं कारण काय दिलंय ते नीट वाचा. प्रत्येक इन्फ्लेटरचा दोष हाच असतो असं नाही. पण अमेरिकेत हे इन्फ्लेटर बदलताना सगळ्यात आधी फ्लोरिडासारखी उष्ण आणि दमट राज्यं घेतली होती, एवढं लक्षात ठेवा. आपल्याकडे खाडीकाठच्या हवेत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मे महिन्यात ऐरोलीच्या उघड्या पार्किंगला उभी असलेली गाडी दुपारी दार उघडल्यावर कशी भट्टीसारखी अंगावर येते ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून 'व्यवस्थित चालते' हा दाखला इथे कामाचा नाही. दोष जिथे आहे ती वस्तू गाडी चालताना कामच करत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सनं 2014 मध्ये लाखो गाड्या परत बोलावल्या, त्यांत दोष होता चावी फिरवायच्या स्विचमध्ये. चावीला जड जुडगा लावला असेल, किंवा गाडी खड्ड्यात आदळली, गुडघा लागला, तर चालत्या गाडीत चावी आपोआप मागे फिरायची. इंजिन बंद, आणि एअरबॅगही बंद. त्या गाड्याही रोज व्यवस्थितच चालत होत्या. भरपाई निधीनं अखेर 124 मृत्यू त्या स्विचच्या नावावर मान्य केले. कंपनीतल्या माणसांना त्या स्विचच्या तक्रारी कित्येक वर्षं आधी माहीत होत्या, आणि मधेच त्यांनी गुपचूप सुधारलेला भाग आणला तोही जुन्याच पार्ट नंबरनं, त्यामुळे शोध घेणारेही चक्रावले. हे वाचल्यापासून मी माझ्या चावीला एकच किल्ली ठेवतो. बायको हसते. हसू दे.

आता क्लचकडे येतो, कारण माझ्या मते तुमची झोप एअरबॅगनं कमी आणि क्लचनं जास्त उडवली आहे. तुम्ही लिहिलंत, 'थोडा जड होता, पण पहिल्यापासून तसाच होता.' ताई, काउंटरवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! क्लच हळूहळू जड होतो, आणि रोज चालवणाऱ्याचा पाय त्याच्याबरोबर हळूहळू सवय करून घेतो. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणाऱ्या गाडीच्या क्लचचं काय होत असेल! तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण विकताना 'क्लच लवकर काढावा लागेल बरं का' असंही कुणी म्हणालं नाही, आणि ते कुठेतरी तुम्हाला टोचतंय. मग कंपनीचं पत्र आल्यावर वाटलं, झालं, आता सगळंच बाहेर येणार.

ही दोन खाती वेगळी ठेवा. क्लच ही झिजणारी वस्तू आहे. त्याबद्दल बोलायचं राहिलं ते तुमच्या दोन घरांमधलं देणं-घेणं. वाटलं तर गणपतीनंतर एखाद्या दिवशी, दोघं भाऊ चहा पीत असताना, यजमानांनी 'क्लचचं सांगायला हवं होतं रे मी' एवढं म्हणावं. मी सांगतो, दोन वर्षांचं पालुपद एका वाक्यात अर्धं होईल. पण ते या फोनमध्ये नको. इन्फ्लेटर कारखान्यातला दोष आहे, तो कंपनी स्वतःच्या खर्चानं काढणार आहे. पैसे परत मागतील अशी भीती तुम्हाला वाटते. काय म्हणून मागतील? गाडी दोन वर्षं वापरली, आणि जे काम निघालंय त्याचा खर्च शून्य आहे. तरीही मागितले, तर तो राग क्लचचाच असेल, आणि तुम्ही शांतपणे 'नाही' म्हणू शकता.

सांगायचं कसं, याचे तुमच्यापुढे दोन-तीन मार्ग आहेत. कंपनीला फोन करून 'गाडी विकली, नवीन मालकाचा नंबर हा' असं कळवायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हा यजमानांना सगळ्यात आवडेल. तो फोन कराच, नोंद सुधारली पाहिजे. पण त्यावर विसंबू नका. ती नोंद पुढे जाऊन वर्कशॉपचा फोन ऐरोलीला कधी लागेल ते सांगता येत नाही, आणि अनोळखी नंबरावरून 'सर, तुमच्या गाडीत दोष आहे' असं कुणी म्हटलं तर भाऊजी तो सर्व्हिसिंग विकायचा धंदा समजतील. मी असतो तर समजलो असतो. दुसरा मार्ग म्हणजे फॅमिली ग्रुपवर पत्राचा फोटो टाकून देणं. ते मात्र करू नका. तिथे चार काका, दोन आत्या आणि एक मेकॅनिकल इंजिनिअर भाचा आहे, क्लचचं प्रकरण पुन्हा सगळ्यांसमोर उघडेल आणि एअरबॅग बाजूला राहील.

फोन करा, आणि तुम्हीच करा. दोघे भाऊ बोलले तर पहिल्या मिनिटाला मधे क्लच येऊन बसणार. 'भाऊजी, तुमच्याकडे असलेल्या आपल्या गाडीचं कंपनीचं पत्र आमच्याकडे आलंय. शेजारच्या सीटची एअरबॅग तपासून त्यातला एक भाग फुकट बदलून देणार आहेत. गणपतीला निघायच्या आधी करून घ्या, पत्राचा फोटो पाठवते.' एवढंच. 'आम्हाला काही माहीत नव्हतं हो', 'तुम्हाला वाटेल की...' असली प्रस्तावना नको, त्यानंच संशय येतो. 'बघा, मी म्हणत नव्हतो?' आलं तर येऊ द्या, ऐकून घ्या. ते दहा सेकंदांचं वाक्य आहे. मग फोटो, चेसिस नंबर आणि कंपनीच्या ग्राहक सेवेचा नंबर व्हॉट्सॲपवर वेगळा पाठवा, म्हणजे लेखी राहतं.

भाऊजींसाठी चार गोष्टी, हव्या तर हेच उत्तर त्यांना पुढे ढकला. काम कोणत्याही अधिकृत वर्कशॉपला होतं, ज्या डीलरकडून गाडी घेतली तिथेच जायला हवं असं नाही. आधी फोन करून चेसिस नंबर सांगायचा आणि पार्ट आलाय का ते विचारायचं. नुसतं जाऊन उभं राहिलं तर गणपतीच्या आधीच्या गर्दीत 'पुढच्या आठवड्यात या' ऐकायला मिळेल. पार्टचे आणि मजुरीचे, दोन्हीचे पैसे लागत नाहीत. जॉब कार्डवर हे काम वेगळ्या ओळीत लिहून घ्यायचं आणि झाल्यावर प्रत सांभाळायची, उद्या गाडी विकताना उपयोगी पडते. 'आलाच आहात तर' म्हणून इंजिन फ्लशिंग, एसी क्लीनिंग वगैरे सुचवलं जाईल. मीही सुचवायचो, टार्गेट असायचं. नको असेल तर नाही म्हणायचं, रिकॉलचं काम त्यावाचून अडत नाही.

आणि निघायच्या दिवसापर्यंत पार्ट आलाच नाही तर? वर्कशॉपला लेखी विचारा की तोपर्यंत गाडी चालवायची की नाही आणि ती सीट वापरायची की नाही. अमेरिकेत 2014 मध्ये सुटे भाग पुरेनात तेव्हा टोयोटाच्या डीलरांनी काही गाड्यांची शेजारच्या सीटची एअरबॅग तात्पुरती बंद करून तिथे कुणी बसू नये अशी सूचना लावली होती. तेव्हा हा प्रश्न बावळटपणाचा अजिबात नाही. उत्तर काहीही येवो, चिपळूणपर्यंत पुढची डावी सीट रिकामी ठेवावी आणि दोघींनी मागे बेल्ट लावून बसावं, हे माझं मत. किंवा सरळ गणपती स्पेशल एसटी. मात्र गॅरेजवाल्याला सांगून एअरबॅग काढून टाकणं किंवा वायर तोडणं, हे कुणीही करू नये. ती डबी उघडायला किंवा ठोकायला गेलेल्या माणसाच्या हातात फुटू शकते.

आता तुमची नवी गाडी. पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही तिचा उल्लेख केलात. दुसऱ्याच्या गाडीसाठी तुमची झोप उडालीय आणि स्वतःच्या गाडीचा मेसेज तुम्ही पुसून टाकलात! फ्युएल पंप बिघडला तर गाडी सुरूच होत नाही, किंवा चालता चालता बंद पडते. मारुतीनं जुलै 2020 मध्ये वॅगन-आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या याच पंपाच्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या, म्हणजे हा काही तुमच्याच नशिबाचा भोग नाही. घराच्या पार्किंगमध्ये गाडी बंद पडली तर चिडचिड होते. गायमुखच्या घाटात, मागे लोखंडाच्या कॉइल भरलेला ट्रेलर चढत असताना बंद पडली तर काय होतं, ते तुम्ही त्याच रस्त्याला राहता, तुम्हीच डोळ्यापुढे आणा. 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' असं म्हणू नका. भाऊजींना फोन कराल त्याच सकाळी तुमच्याही गाडीची तारीख घ्या. त्यांना सांगताना 'आमच्याही गाडीला आलंय, आम्हीही जातोय' हे वाक्य खरं असेल, आणि त्यानं फोनचा सूरच बदलेल.

आणखी एक. असे मेसेज शेवटपर्यंत वाचावेत, कारण काम होईपर्यंत काय टाळायचं तेही कधी कधी त्यातच असतं. सप्टेंबर 2021 मध्ये मारुतीनं सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल-6 या गाड्यांतल्या 1,81,754 गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला बोलावल्या, तेव्हा तोपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यांवरून गाडी नेऊ नका आणि विजेच्या भागांवर पाण्याचा फवारा मारू नका, असं स्पष्ट सांगितलं होतं. ऐन पावसाळ्यात! वंदना टॉकीजपाशी गुडघाभर पाण्यातून ज्यांनी त्या गाड्या काढल्या असतील, त्यांतल्या कितीजणांनी मेसेज दुसऱ्या ओळीपुढे वाचला असेल कोण जाणे.

इतर वाचकांनी, विशेषतः जुनी गाडी घेतलेल्यांनी, माझ्यासाठी एक काम करावं. तुमचा मोबाइल कंपनीच्या यादीत नाही असं धरूनच चाला. आरसीवर 17 अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणून जिथे 'ओ' वाटेल तिथे शून्य टाका. कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकून, किंवा ग्राहक सेवेला फोन करून, 'या नंबरावर काही रिकॉल बाकी आहे का' एवढं विचारा. त्याच वेळी स्वतःचा मोबाइल नोंदवून टाका. दुचाकीवाल्यांनीही विचारा. रॉयल एनफिल्डनं 2021 मध्ये इग्निशन कॉइलसाठी 2,36,966 मोटरसायकली बोलावल्या होत्या, म्हणजे हा चारचाकीचाच मामला आहे असं समजू नका. एसएमएसमधल्या लिंकवर मात्र टिचकी मारू नका, नंबर कंपनीच्या साइटवरून शोधून स्वतः लावा. रिकॉलसाठी कुणी ओटीपी किंवा 'रजिस्ट्रेशन फी' मागत असेल तर तो चोर आहे. आणि वर्कशॉपनंच पैसे मागितले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे 2012 पासून रिकॉलसाठी कंपन्यांनी स्वतःहून पाळायची संहिता होती. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आलं, आणि 1 एप्रिल 2021 पासूनच्या नियमांनुसार पुरेशा तक्रारी जमल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्या सक्तीला सात वर्षांची मर्यादा आहे. त्यावरून काही जण म्हणतात, 'आपली गाडी जुनी, आपल्याला लागू नाही.' कंपनीनं स्वतःहून काढलेल्या रिकॉलला ही मर्यादा नाही. ताईंची गाडी 2013 ची आहे आणि पत्र आत्ता आलंय, ते याचमुळे.

तर ताई, आधी एम-परिवहन बघा, मग फोन. सकाळी साडेनऊच्या आत, भाऊजी ऑफिसला पोचायच्या आधी. त्यांनी तुमचं नाव बघून उचललाच नाही, तर दुपारी जाऊबाईंना लावा. त्या डाव्या सीटवर रोज त्याच बसतात.